खालचा डावा कोपरा

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही पुरती ठाऊक नाही. त्याला अर्धी माहीत आहे, आणि ती अर्धीही खोटी. तुम्हाला मात्र सगळी सांगते. कशाला? — ते मलाही कळत नाही. ऐका.

आधी हेरिनबद्दल. ॲन आर्बरला ती आमच्या शेजारच्या घरात एकटी राहायची. जन्म कोरियातल्या सोलचा, चार वर्षांची असताना आईबापांबरोबर अमेरिकेत आलेली. चित्रकार. तिच्या चित्रांत झाड नाही, माणूस नाही, नुसता रंग. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, आमच्या नागपूरचा पेंटरही दिवाळीला हेच करतो की! मग तिला काम करताना पाहिलं. पातळ रंगाचा एक हात द्यायचा, वाळला की घासायचा, वर दुसरा. असे तीस-चाळीस हात. आणि प्रत्येक हात तिला पाठ — हा निळा कधी दिला, तेव्हा बाहेर बर्फ होतं की ऊन. कागदावर एक अक्षर नाही. "माझी वही डोक्यात आहे," म्हणायची.

तिच्या आईला विसरण्याचा आजार जडला होता. आई कॅलिफोर्नियात होती, लेकीचं नावही विसरली होती. हेरिनला एकाच गोष्टीची भीती वाटायची, की हे आपल्यालाही होणार. हे तिने मला सांगितलं होतं. मला — म्हणजे हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

२००२च्या भाद्रपदात ती आईला नर्सिंग होममध्ये हलवायला तीन आठवडे गेली. तिचा स्टुडिओ म्हणजे गराज, आणि ते गळत होतं. म्हणून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी केलेलं तिचं सगळ्यात मोठं चित्र तिने आमच्या लिव्हिंग रूममध्ये भिंतीला टेकवून ठेवलं. गराजची किल्लीही दिली. चित्र सात फुटी, दुधाळ, आतून निळसर. आणि आमच्याकडे गणपती.

आरास हा माझा वीक पॉइंट. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, सगळी हौस त्या पाच दिवसांत निघायची. गेल्या वर्षी थर्माकोलचं मखर केलं होतं, त्याला कुणी फारसं नावाजलं नव्हतं. यंदा भिंतीशी हे तयार उभं. मी गणपती त्याच्यासमोर मांडला. इतकंच. हात कुठे लावणार होते मी?

पंचवीस माणसं आली. नेने काकू म्हणाल्या, "शुभा, हा बॅकड्रॉप कुठून ऑर्डर केलास गं? किती क्लासी दिसतोय!" मी नुसती हसले. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, आणि सगळ्यांनी फुलं-अक्षता वाहिल्या. वाहिल्या कसल्या, मागच्यांनी उधळल्याच. कुंकवात भिजवलेल्या, ओल्या. अक्षता मीच भिजवल्या होत्या — जरा जास्तच.

पाहुणे जेवत असताना मला दिसलं. खालचा डावा कोपरा, वीतभर, लालच लाल.

मी भांड्यांचा साबण आणि घासणी घेतली. हो, घासणी. कुंकू फिकं झालं आणि खालचे रंगही खरवडून निघाले. माझा नवरा मिलिंद म्हणाला, "फोन करून सांगून टाक यार. एक कोपराच तर आहे, ती फिक्स करेल." मी म्हटलं, सांगते. दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, सांगितलं, काही बोलली नाही बिचारी. त्यानंतर मी तिच्या गराजचं कुलूप उघडलं, निळ्याची बरणी आणली आणि तो कोपरा रंगवला. चार हात. चांगला जमला. खरं सांगू? जमल्याचा मला आनंद झाला होता.

हेरिन परत आली. चित्रासमोर उभी राहिली, मग खाली बसली. खूप वेळ कोपऱ्याकडे बघत राहिली. "हा निळा मला आठवत नाही," म्हणाली.

इथेच सगळं थांबू शकलं असतं, नाही का? तिने माझ्याकडे पाहिलंही. आणि मी म्हटलं — अगदी सहज म्हटलं — "असं काय करतेस? जायच्या आदल्या दिवशी इथेच बसून केलास की. मी तुला चहा आणून दिला होता."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तो चेहरा मी पाहिला आणि तरी गप्प राहिले. मी अशी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आजही दचकायला होतं.

तिने न्यूयॉर्कचं प्रदर्शन पुढे ढकललं, मग रद्द केलं. गॅलरीने पुन्हा विचारलं नाही. मेमरीच्या तपासण्या केल्या. तिथे गाडी कोणी चालवली असेल? मीच. तासभर बाहेर मासिकं चाळत बसले. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. तिचा विश्वास बसला नाही. कसा बसणार? मोठी चित्रं तिने सोडलीच. ताटाएवढी करायला लागली, आणि प्रत्येक हात वहीत लिहू लागली: तारीख, वेळ, रंग, खोलीत कोण होतं. मी गेले की हसून माझंही नाव लिहायची. मी तिच्यासाठी डबे न्यायची, बर्फ उपसायची. लोक म्हणायचे, शेजार असावा तर असा.

२००८ साली शिकागोत तिचं प्रदर्शन झालं. सहा वर्षांनी पहिलं. मी आणि मिलिंद ड्राइव्ह करून गेलो. भिंतीवर ती छोटी चित्रं आणि मधोमध काचेखाली तिची पहिली वही, पहिलं पान उघडं ठेवलेलं. मी वाकून वाचलं.

"खालचा डावा कोपरा, निळा. निघायच्या आदल्या दिवशी. मला आठवत नाही, शुभाला आठवतं. नंतर थोडं आठवलं. तिने चहा आणला होता, आलं घातलेला."

आल्याचं मी बोललेच नव्हते.

तेवढ्यात हेरिन आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून शेजारच्या बाईंना म्हणाली, "हीच ती शुभा. मी विसरते तेव्हा ही आठवण ठेवते." त्या बाईंना मोठं कौतुक वाटलं. त्यांनी मला विचारलं, "आणि तो चहा? खरंच नेला होता?"

मिलिंद माझ्याकडे बघत होता. हेरिनही.

मी म्हटलं, "हो. आलं घालून."