मेंढराच्या गालावरची तीट

वैशाली जाऊन आज वर्ष झालं, आणि मी अजून लोकांच्या पोरांचे फ्रॉक बघत फिरतोय.

वैशाली माझी बायको. शिरवळच्या एका युनिटमध्ये लहान मुलांच्या कपड्यांची प्रिंट्स डिझाइन करायची. कॉम्प्युटरवर.

आधी एक चौकोन जमवायचा. मग तोच चौकोन एकाला एक जोडत आख्खा तागा. जोड कुठे दिसता कामा नये.

शेवटचं डिझाइन मेंढरांचं. आटपाडीकडच्या धनगराची लेक, दुसरं काय काढणार?

प्रत्येक चौकोनात एका कोकराच्या गालावर तिनं काळा ठिपका ठेवला. तीट.

सॅम्पल छापून आलं, तर चेकिंगवाल्यानं नेमके त्याच ठिपक्यांभोवती लाल गोल मारलेले. फोन आला, "मॅडम, डाग पडलेत."

"डाग न्हाईत ओ, तीट हाय. लेकराचं कापड हाय. दृष्ट न्हाई का लागायची?"

"कापडाला?"

"तुमच्या आईला इचारा जावा."

फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"आवं, हसताय काय? रस्त्यात कुणाच्या अंगावर दिसलं तर माझं म्हणून वळखायला नको का?"

तेवढीच तिची हौस होती. एकदा, एखाद्या अनोळखी लेकराच्या अंगावर, आपलं डिझाइन बघायचं.

कपडा बाजारात यायच्या आधीच ती गेली.

हॉस्पिटलमध्ये म्हणाली, "आता तुमीच बघा. तीट बघा, म्हंजी चुकायचं न्हाई."

पेपरात बातमीदार म्हणून उभा जन्म काढला, बातमी कधी उशिरा दिली नाही. तिला द्यायची ही एवढीच बातमी राहून गेली होती.

आज तिच्या माहेरी निघालो होतो. विट्याच्या स्टँडवर आईच्या कडेवर एक पोरगी दिसली. पिवळा फ्रॉक. तीच मेंढरं.

जवळ गेलो. एकेक कोकरू बघितलं.

तीट नव्हती. कुणीतरी फाइलमधून पुसून टाकली होती.

"काय बघताय, दादा?" पोरीच्या आईनं विचारलं.

"ही मेंढरं माझ्या बायकोनं काढलीत."

"व्हय? लय ग्वाड हायती की!" तिनं पोरीला खाली उतरवलं. "फिर गं, काकांना फ्रॉक दाखव."

पोरीनं गिरकी घेतली आणि माझ्याकडे बघून हसली.

गालावर तीट होती. काजळाची, जराशी फिसकटलेली.

वैशाली, बघितलं गं.

तुझंच होतं.

आता निवांत राहा.