पाण्यात सोडू का?

पोलिसांना ड्रोन उडवायला शिकवायचं काम मी करतो. पहिल्या दिवशी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहितो : यंत्राचा चुरा झाला तरी चालेल, माणसाला ओरखडा नको. ड्रोन ताब्यातून जातोय असं वाटलं की खाली मोकळं पाणी बघायचं आणि सरळ तिथे पाडायचा. हे सांगून झालं की मी छाती फुगवून आणखी एक सांगायचो. माझ्या वर्गात आजवर एकही ड्रोन पडलेला नाही. ही फुशारकी एक दिवस आपल्याच अंगाशी येईल, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

सरावाला मी तुकडीला पाचूबंदरच्या किनाऱ्यावर नेलं. ड्रोन समुद्रावर उडवायचा, म्हणजे खाली माणूस नको. आमच्या मागे बांबूंवर बोंबील वाळत होते आणि एक म्हातारी कोळीण वाळलेले काढून टोपलीत टाकत होती. तिला मी सकाळी एकदा लांब जायला सांगितलं. ती हसली आणि कामाला लागली. मी पुन्हा सांगितलं नाही.

कंट्रोलर जूचंद्रला राहणाऱ्या एका महिला शिपायाकडे होता. सगळ्या वर्गात तिचे हात सर्वांत शांत. ड्रोन पाण्यावर असतानाच एका पंख्याचा आवाज बदलला आणि तो एका अंगाला कलू लागला. तिने खाली पाहिलं. जवळपास एकही होडी नव्हती.

"सर, पाण्यात सोडू का?"

मी शिकवलं होतं तसंच, अगदी वेळेवर विचारलं तिने.

"नको. दे इकडे," मी म्हणालो. एरवी तिला अहोजाहो करणारा मी. कंट्रोलर तिच्या हातातून ओढून घेतला आणि ड्रोन किनाऱ्याकडे वळवला. वाऱ्याने तो आमच्या डोक्यावरून मागे नेला आणि बांबूंवर आपटला. म्हातारीने चेहऱ्यापुढे हात धरला म्हणून डोळे वाचले, पण हात मनगटापाशी फाटला.

आणि मी धावलो तो ड्रोनकडे. हे लिहितानाही कान तापतात. पंखे थांबवायला धावलो, असं मी नंतर स्वतःला पटवून पाहिलं, पण पंखे तर आपटताक्षणीच तुटले होते. म्हातारीकडे ती शिपाई धावली. तिनेच रुमाल घट्ट बांधला आणि तिला दवाखान्यात नेलं.

टाके पडल्यावर पथकाचे साहेब तिथे आले आणि वहीत उड्डाण तिच्या नावावर होतं म्हणून त्यांनी शिपायाला फैलावर घेतलं. नियम माहीत असताना ड्रोन माणसांवर आणलाच कसा, उद्यापासून ड्रोन पथकात यायचं नाही. ती ताठ उभी होती. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी वाऱ्याबद्दल बोललो, पंख्याबद्दल बोललो. कंट्रोलर कोणाच्या हातात होता, तेवढं सोडून सगळं बोललो. इतका भित्रा असेन असं मला वाटलं नव्हतं.

बोलली ती खाटेवरची म्हातारी. "तिला कशाला बोलता? ती पान्यात सोडू का इचारत होती. यानंच हिसकून घेतलं."

साहेबांनी मला विचारलं, हे खरं का. मी नुसती होकारार्थी मान हलवली. शिपाई पथकात राहिली, पण माझ्यामुळे नाही. म्हातारीची माफी मागायला मी दोनदा तिच्या घरी गेलो. दोन्ही वेळा तिने चहा पाजला आणि चौकशी मात्र त्या पोरीची केली.

पुढच्या तासाला मी फळ्यावर एक ओळ वाढवली. कंट्रोलर ज्याच्या हातात, निर्णय त्याचा. शिकवणाऱ्यानेही मध्ये हात घालायचा नाही. कारण कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी ती शिपाई ड्रोन उडवत होती. कॅमेऱ्याची एक साधी गोष्ट दाखवायला मी सवयीने हात पुढे केला. ती अर्धं पाऊल मागे सरली. नजर ड्रोनवर, अंगठे जागच्या जागी.

"सर, तुम्ही सांगा. मी करते."

मी हात मागे घेतला आणि तिला सांगितलं.