पूर्वेचा पडदा

कुपवाडचा इमाम मंडपवाला कुणाशी गोड बोललाय, असं कुणाला आठवत नाही. राग कायम नाकावर. पण मांडव बांधावा तर त्यानेच, म्हणून लोक शिव्या घालत घालत त्यालाच बोलावतात.

तीन वर्षांपूर्वी तो असा नव्हता. ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी फोनवर वाऱ्याचा वेग वीस दिसला आणि हा निर्धास्त राहिला. त्याखाली बारीक अक्षरात झोताचा आकडा होता, तो त्याने वाचलाच नाही. वीसने वाहणारा वारा मध्येच पन्नासचा दणका देतो, हे मांडव कोसळल्यावर कळलं. लोखंडी पाइपांखाली धाकटा भाऊ तारिक सापडला. तो अजून खाटेवरच आहे. तेव्हापासून इमाम आधी झोत बघतो, मग दिशा, आणि वेग शेवटी.

यंदा शेजारच्या गावात निवृत्त सुभेदार नाथाजींच्या मुलीचं, शिवांजलीचं लग्न होतं. मुहूर्त साडेचारचा. त्या वेळेचा फोनवरचा अंदाज असा: वेग अठरा, झोत बावन्न, वारा पश्चिमेकडून. इमामने पूर्व-पश्चिम दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या, म्हणजे आत शिरलेला वारा पलीकडून निघून जाईल. चार वाजता दोऱ्या तपासायला आला, तर पूर्वेचा पडदा गच्च बांधलेला. नवरीचा भाऊ वीरधवल याचा उद्योग. त्याच्या फोनवर बाणाचं टोक पूर्वेकडे होतं, म्हणून वारा पूर्वेकडून येणार आणि स्टेजवर धूळ उडणार, असा त्याचा हिशेब.

"बाण वारा कुटं चाललाय ते दावतोय," इमाम म्हणाला. "येतोय मावळतीकडनं. पडदा सोडा, न्हाईतर मांडव पोत्यागत फुगंल."

"अठराचा तर वारा हाय. तेवढा आमचा पंखा देतोय."

"अठरा नका बघू. खालचा आकडा बघा."

वीरधवलने फोन खिशात घातला. नाथाजी फेटा सावरत आले आणि पाहुण्यांसमोर त्यांनी इमामचा पार पाणउतारा केला. मंडपवाल्याने मंडप बांधावा, हवामान खातं चालवू नये, म्हणाले. पाहुणे हसले. वीरधवल एकटाच आत असता, तर इमाम खुशाल घरी जाऊन झोपला असता. पण चारशे माणसं बसली होती, पुढच्या रांगेत लेकुरवाळ्या बाया होत्या. त्याने दोऱ्या कापायची सुरी काढली आणि पूर्वेचा पडदा वरपासून खालपर्यंत फाडला. पडदा त्याचा स्वतःचा, त्याच्या बायकोने, महेजबीनने शिवलेला.

वीरधवलने त्याची कॉलर धरली आणि सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. दोघांनी ओढत नेऊन त्याला रस्त्यावर ढकललं. ते पडदा पुन्हा बांधायला वळले, तेवढ्यात पश्चिमेकडून वारा आला. छताचं कापड वर उचललं गेलं, पाइप करकरले, अक्षता ताटांतून उडाल्या. वारा फाटलेल्या पडद्यातून पूर्वेला निघून गेला. असं चार-पाच वेळा झालं. मांडव उभा राहिला.

"बघा, झालं का काय?" वीरधवल पाहुण्यांना म्हणाला. "उगंच भणीच्या लग्नात पडदा फाडला येड्यानं."

नाथाजींनी यापुढे या माणसाला आपल्या गावात पाऊल टाकू द्यायचं नाही असं सांगितलं आणि लग्न लागलं.

इमाम दिवस मावळायच्या आत घरी आला. तारिकने खाटेवरून वाऱ्याचा आवाज ऐकला होता.

"पडला?"

"न्हाई."

तारिकची नजर त्याच्या सुजलेल्या गालावर गेली. कुणी मारलं, हे विचारल्यावर इमामने थोडक्यात सगळं सांगितलं.

"माज्या टायमाला बी कुणीतरी असा मार खायाला पायजे हुता," तो म्हणाला.

असा मार खायला तेव्हा तिथे इमामच होता, पण त्याने खालचा आकडा वाचला नव्हता. भरल्या मांडवात त्याने मान खाली घातली नव्हती, ती आता घातली.