टोपीखालचं कपाळ

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग पंधरा हजार फुटांवरच्या चौकीवर होती. मी मेडिकलचा हवालदार, नर्सिंग असिस्टंट. डॉक्टर खाली बेसवर. ते फक्त रेडिओवर भेटायचे. त्यामुळे जवान मलाच 'डॉक्टरसाब' म्हणत.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एक जवान उठला तो वाकडं तोंड घेऊन. उजवा डोळा मिटेना, चहा ओठातून ओघळे, कशाला चव नाही, कानामागे दुखणं. रेडिओवर डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे. सर्दी-तापानंतर होतं असं. मधुमेह असला तर धोका जास्त. त्यांच्या सांगण्याप्रमाणे गोळ्या दिल्या, डोळा झाकला. महिन्याभरात तो नीट हसू लागला. मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी ०६१० ला, नाईक सोपान माझ्याकडे आला. लोणी काळभोरचा. पत्त्यांत हरला तरी हसणारा. त्याच्या तोंडाची डावी बाजू उतरली होती.

"वारं लागलं वाटतं, डॉक्टरसाब. तीच गोळी द्या."

जीभ जरा जड होती. थंडीत सगळ्यांचीच असते. चौकीवर लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली असते; एकमेकांचं कपाळ आम्ही महिनोन्महिने पाहत नसू. मी तोंड पाहिलं, गोळी दिली, झोपायला सांगितलं. उंचीवर रक्त घट्ट होतं, हे मला शिकवलेलं होतं. तरी बेसला विचारलं नाही.

०९४० ला त्याच्या डाव्या हातातून मग पडला. तेव्हा मी टोपी वर सरकवली.

"भुवया उचल."

कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडल्या. नस सुजली असती तर डावं कपाळ सपाट राहिलं असतं. हा मेंदूचा झटका होता.

"बेस, कॅज्युअल्टी एक. स्ट्रोक. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"वेदर बंद. नऊपर्यंत उघडं होतं. ओव्हर."

सोपान १६२५ ला गेला. कागदावर कारण हवामान लागलं. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, त्याच्या बायकोला तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत सोपान होता.

पेन्शननंतर मी पुण्यात खराडीच्या एका आयटी पार्कमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर झालो. सकाळी शेकडो मुली दुचाकीवरून येतात, डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये. लोक हसतात, दरोडेखोर म्हणतात. मला मात्र त्या गेटवर उभं राहणं कठीण जायचं. प्रत्येक झाकलेलं कपाळ सोपानचं वाटे.

एका सोमवारी, ०८५० ला, सात महिन्यांची गरोदर मुलगी स्कूटर थांबवून रडायला लागली.

"काका, सकाळपासून तोंड वाकडं झालंय. पॅरालिसिस आहे का?"

"स्कार्फ काढा. सगळा."

भुवया उचलायला सांगितल्या. डावं कपाळ सपाट. डावा डोळा मिटेना. दोन्ही हात समोर धरायला लावले, एकही खाली आला नाही. बोलणं स्पष्ट होतं. झटका नाही, चेहऱ्याची नस वाटते, मी म्हणालो.

"प्रेग्नन्सीत होतं का हे?"

"होतं. बहुतेकांचं बरंही होतं. पण ते डॉक्टर ठरवतील, मी नाही. आत्ता निघायचं."

०८५८ ला कंपनीची गाडी हॉस्पिटलकडे निघाली. दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला: नसच होती, औषध सुरू झालं. मी फोन ठेवला आणि गेटच्या रजिस्टरमधल्या वेळा पाहिल्या. तिच्यासाठी आठ मिनिटं लागली होती. सोपानचे साडेतीन तास मी खाल्ले होते. स्वतःची किळस आली.

रविवारी लोणी काळभोरला गेलो. सोपानच्या बायकोकडे, सुमनवहिनींकडे, मी दर वर्षी जातो. चहा होतो, मुलांची चौकशी होते, मी परत येतो. या वेळी सगळं सांगितलं, वेळांसकट. वहिनी शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"म्हंजी हेलिकॉप्टर येऊ शकत हुतं?"

"नऊपर्यंत."

त्यांनी शेंगांची परात बाजूला सरकवली. मला शिव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत.

"इतकी वर्सं येताय, भावजी," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुमास्नी त्यांची आठवण येती म्हणून येता."