हेडफोनची खोळ

आमच्या घरात उघडं काही राहत नाही. फ्रिजला झालर, मिक्सरला टोपी, रिमोटला प्लास्टिक. देवासला नोकरी लागून संसार थाटला तेव्हापासून बायकोची ही मोहीम चालू आहे. खोळ चढायचा तेवढा मी राहिलोय.

मुलगी इंदूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रोजेक्ट म्हणजे कॉम्प्युटरमधली एक खोटी, लांबलचक ओसरी. हेडफोन लावून डोळे मिटायचे आणि त्या ओसरीत कुणी हाक मारली की ती किती लांबून आली ते सांगायचं. हाक तिच्याच आवाजातली, "बाबा."

सुट्टीत तिनं सगळ्यात आधी मलाच बसवलं. हाक आली, मी म्हटलं, अंगणापलीकडून. दुसरी त्याहून लांब. मग ती जरा चाचरत म्हणाली, "बाबा, ही तर अगदी कानाशी होती."

माझं अर्धं आयुष्य पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या धडधडाटात गेलेलं, आणि पुढच्याच आठवड्यात कंपनीत कानांची तपासणी. शेजारच्या मशीनवरचा सोबती मागच्या वर्षी त्यात नापास झाला, त्याला गोदामात बसवलं. "भिया, अब तो बड़ी शांति है," असं तो माळव्याच्या हिंदीत हसून सांगायचा, पण डबा एकटाच खायचा. गोदामाचंही एक वेळ चाललं असतं. पण वरून क्रेन येताना मागून "हट भिया" अशी ओरड येते, ती लांबची की डोक्यावरची, हे कळलं नाही तर?

घरी कुणाला बोललो नाही. कुकरची शिट्टी झाली की डोळे मिटून अंतर मोजायचो. बायको म्हणाली, "अहो, झोप येत असेल तर आत जाऊन पडा."

रविवारी मी आपणहून म्हटलं, परत एकदा बघू. हेडफोन चढवले, डोळे मिटले, आणि "बाबा" अशी हाक थेट कानात आली. मी दचकून खुर्चीसकट मागे सरकलो.

डोळे उघडले तर बायको दारात. हातात मखमलीच्या, आत कापूस भरलेल्या दोन ओल्या खोळी. माझ्या डोक्याचं तेल हेडफोनला लागेल म्हणून तिनं त्या आधीच शिवून चढवल्या होत्या आणि आज धुवायला काढल्या होत्या. या घरात वाढलेल्या मुलीला खोळी दिसतच नाहीत, तर मला कुठून दिसणार.

लांबच्या हाका मात्र मी आता जवळच्या सांगत होतो. मुलगी म्हणाली, खोट्या ओसरीत सगळ्यांचंच असं होतं. चुकलो, पण चारचौघांसारखा चुकलो. आयुष्यात एवढा आनंद मला कधी पास होऊनही झाला नव्हता.

तरी भीती पुरती जाईना. मी तिला म्हटलं, "तू बाहेर जा आणि कुठूनही खरी हाक मार."

मी डोळे मिटले. हाक आली. "तुळशीपाशी," मी म्हटलं, पण डोळे उघडायचा काही धीर होईना.

"तुळशीपाशीच आहे हो ती," बायको म्हणाली. "उघडा आता."