काठ नसलेला टोप

सांतान गेल्याची बातमी मला दादाने आणून दिली. हे आधीच लिहून टाकतो, कारण गेले पाच आठवडे मला तेच जास्त टोचतंय. संध्याकाळी शाळेतून येऊन मी ओटीवर चपला काढत होतो आणि दादा आगाशीच्या बाजारातून आला, भाजीची पिशवी एका हातात, डावा पाय नेहमीसारखा जरा बाहेर टाकत. पिशवी खाली ठेवून म्हणाला, "अरू, तुझा सांतान गेला रे. आज सकाळी." आणि मग, "उद्या दफन आहे म्हणतात. मी पण येऊ का?" मी म्हणालो, "नको. तू कशाला... गर्दी असेल, उभं राहावं लागेल." कारण उभं राहण्याचं नव्हतं. तिथे कुणी तरी काही बोलून जाईल आणि ते दादाच्या कानावर पडेल, याची मला भीती वाटली. मित्र गेल्याचं कळून एक मिनिट झालं नव्हतं आणि मी माझी कातडी वाचवत होतो.

कावीळ झाली होती त्याला. आजारपणात मी दोनदा भेटून आलो. दुसऱ्या वेळी डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, तरी उठून बसला आणि भेटल्यावर पहिला प्रश्न तोच, जो तो नऊ वर्षं विचारत आला होता, "दादाचा पाय कसा हाय?" मी म्हणालो, "बरा आहे." माझं उत्तरही नऊ वर्षं तेच होतं.

सांतान आणि मी आगाशीच्या शाळेत एका बाकावर बसलो. त्यांची केळीची आणि भाजीची वाडी होती, आमचीही होती, मध्ये फक्त एक पाणंद. त्यांच्या घरी एक बोली, आमच्या घरी दुसरी. आम्ही आपसात बोलायचो ते शाळेतल्या मराठीत, आणि तीही दोघांनी आपापल्या परीने बिघडवलेली. पुढे मी मास्तर झालो आणि तो विरारला एका वर्कशॉपमध्ये फिटर. डोंगराचं वेड त्याचं. तुंगारेश्वराच्या रानात जाऊन जाऊन कंटाळा आला तेव्हा लांबच्या गडांची टूम त्यानेच काढली. त्याचा स्वभाव म्हणजे... घाई नावाची गोष्ट त्याला देवाने दिलीच नव्हती. एसटी सुटतेय म्हणून आम्ही ओरडत असू आणि हा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत असे. मी नेमका उलटा, उतावळा. आमची आई म्हणायची, "तुमच्या दोघांचा मिळून एक माणूस बरा झाला असता."

आमचं पहिलं भांडं म्हणजे आईचं पितळी पातेलं. कल्हईचं, जाड बुडाचं, पाच माणसांचा भात लीलया होणारं, पण पाठीवर घेतलं की गडाऐवजी स्वर्गच गाठायची वेळ यायची. ज्याच्या पाळीला पातेलं येई तो अर्ध्या वाटेवर सगळ्यांच्या आईबापांचा उद्धार करी. शेवटी हलकं भांडं घ्यायचं ठरलं आणि आम्ही दोघं आगाशीच्या बाजारात गेलो. तो दिवस मला अजून दिसतो. सांतानने भांडीवाल्याकडचे जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, सगळे टोप खाली काढायला लावले. एकेक उचलून तळहातावर तोलायचा, बुडावर अंगठा दाबायचा, टिचकी मारून कान लावायचा. फार पातळ नको, खिचडी करपते. फार उंच नको, तीन दगडांवर कलंडतो. फार पसरटही नको, वारा लागून पाणी तापत नाही आणि पिशवीत पाठीला रुततो. आत तांदूळ, डाळ, कांदे, चहा-साखरेच्या पुड्या आणि सुकेळी भरून वर जेवायची ताटली झाकण म्हणून बसली पाहिजे, म्हणून त्याने घरून ताटलीही आणली होती. भांडीवाला शेवटी वैतागला, "मुलीचं रुखवत घेताय की काय?" सांतान शांतपणे म्हणाला, "मुलगी एकदाच जाते शेठ. हा दर महिन्याला जाणार."

त्या टोपाचा तो गुलाम झाला. चुलीवर चढवण्याआधी बाहेरून मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी मातीवर धरते आणि टोप धुतला की पुन्हा चकचकीत. रांधायचं काम त्याचं, सांडशी त्याच्या हातात, दुसऱ्याला तो चुलीशी येऊ देत नसे. सुखाचे दिवस होते ते. मला ते तसे आठवायला हवेत, पण हल्ली त्या टोपाचा काठच तेवढा आठवतो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आम्ही कोहोज गडावर जायचं ठरवलं. या खेपेला दादा येणार होता. दादाला डोंगराची काडीचीही आवड नव्हती, पण तो वनखात्याच्या परीक्षेत पास झाला होता आणि तीन आठवड्यांनी लांब पल्ल्याची चालण्याची चाचणी होती. "चल आमच्याबरोबर, पायांना सवय होईल," असं मीच म्हणालो. टोप वाहण्याची पाळी माझी होती. मला तेव्हा वजन कमी करण्याचं भूत लागलं होतं. टूथब्रशची दांडी मी तोडली होती, पिशवीचे जादा पट्टे कापले होते. मग माझी नजर टोपाच्या काठावर गेली. बाहेर वळवलेला जाड काठ, त्याचा उपयोग काय? सांतान म्हणाला, "अरे, टोपाला कान नसतात. काठ हाच त्याचा हात. सांडशी कशाला धरेल?" मी म्हणालो, "पत्र्याला धरेल." तो म्हणाला, "असू दे काठ." मला वाटलं, हा याचा नेहमीचा संथपणा.

त्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो तर तो आईबरोबर चर्चमध्ये मिस्साला गेला होता. त्याच्या ओटीवर हत्यारांची पेटी असायची. मी करवत काढली, टोप मांडीवर घेतला आणि काठ कापून काढला. अर्धा तास लागला. सांतान ओटीवर आला तेव्हा कापलेलं कडं माझ्या पायाशी पडलं होतं. तो काही ओरडला नाही. टोप हातात घेऊन फिरवला आणि म्हणाला, "कापलासच तर आता कड तरी गुळगुळीत करायला हवी, हात फाटेल कोणाचा." मग चर्चचे कपडेही न बदलता बसला आणि कानशीने ती कड घासत राहिला. त्यांच्या वाडीतल्या भाजीच्या तराजूवर मी कडं टाकलं. मूठभर डाळीएवढंही भरलं नाही. तरी मी जिंकल्यासारखा हसलो. सांडशीने रिकामा टोप उचलून दाखवला, छान उचलला गेला. भरून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. त्याच्या आलं होतं, पण तेव्हा तो बोलला नाही, फक्त निघताना पिशवीत एक जाड फडकं टाकलं.

कोहोजवर टाक्याजवळ आम्ही चूल मांडली. दिवस मावळायला आला होता, गार वारा सुटला होता. पहिल्यांदाच एवढं चाललेला दादा बूट काढून आगीशी पाय शेकत बसला होता आणि त्या पायांना आम्ही "सरकारी पाय" म्हणून चिडवत होतो. पेज उकळत होती. फडकं पिशवीच्या तळाशी गेलं होतं. सांतान म्हणाला, "जरा थांबा, फडकं काढतो." मी म्हणालो, "अरे उचल रे, उतू चाललंय!" त्याने सांडशी लावली. भरलेल्या टोपाचं वजन आलं तसा पातळ पत्रा वाकला, घासून गुळगुळीत केलेल्या कडेवरून सांडशी सटकली आणि सगळी पेज दादाच्या डाव्या पावलावर... पाणी वेगळं असतं, वाहून जातं. पेज चिकटते. दादाचा तो आवाज मी लिहीत नाही. टाक्याचं पाणी ओतत राहिलो, आणि मग सांतानने दादाला पाठीवर घेतलं. खालच्या गावापर्यंत, त्या निसरड्या वाटेने, एकदाही खाली न ठेवता, एकदाही कुणाच्या पाठीवर न देता. मी पुढे बॅटरी धरून चालत होतो. मी मूठभर डाळीचं वजन वाचवलं आणि त्याने अख्खा माणूस वाहिला.

दादाची बोटं एकमेकांना चिकटून आखडली. चाचणी गेली, नोकरी गेली, वाडीतल्या कामालाही पाय पुरता साथ देईना. इस्पितळाच्या पायरीवर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो टोप हातात धरून विचारलं, "याचा काठ कोणी कापला?" आम्ही दोघं समोर उभे होतो. माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण शब्द आला तो सांतानचा. "मी, आबा." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. आबा म्हणाले, "तूच कापलास आणि तूच सांडलास. पुन्हा आमच्या ओटीला पाय लावू नकोस." आणि टोप त्याच्या अंगावर भिरकावला. त्याने तो उचलला आणि गेला. बाजूला माझे एक काका उभे होते. ते म्हणाले, "म्हणून सांगत असतो, माणसानं आपापल्यांत राहावं." तेही मी ऐकून घेतलं.

आठवड्याने मी त्याला वर्कशॉपच्या दारात गाठलं आणि विचारलं, असं का केलंस. तो म्हणाला, "तुला त्याच घरात राहायचंय. सकाळ-संध्याकाळ तो पाय बघायचाय. माझं काय, माझं घर वेगळं हाय. आणि घासला मीच ना?" मी म्हणालो, "मी सांगतो घरी. दादाचा पाय जरा सुधारू दे." तो म्हणाला, "घाई नाय." त्याची ती घाई नसण्याची सवय माझ्या फार सोयीची होती. पाय सुधारला नाही. मग दादाचं लग्न होऊ दे, म्हणालो. मग आईचं आजारपण निघालं. मग आबा थकले. आम्ही भेटत होतो, पण एसटी स्टँडवर, नाही तर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, चोरून भेटल्यासारखे. तो डोंगरावर पुन्हा गेला नाही. दर नाताळला त्याच्या आईकडून विणलेल्या रुमालाने झाकलेलं फराळाचं ताट यायचं आणि आबा ते दारातूनच परत पाठवायचे. रुमालही न उचलता. मी आत शाळेच्या वह्या तपासत बसलेलो असायचो.

गेल्या आठवड्यात त्याच्या महिन्याचा मिस्सा होता. मी मागे उभा राहिलो. नंतर घरी गेलो तेव्हा माणसं पांगली होती आणि मावशी, सांतानची आई, एकटीच ओटीवर बसली होती. त्याच जागी, जिथे मी टोप मांडीवर घेतला होता. मला बसवून ती आत गेली आणि बाहेर आली ती टोप घेऊन. "हा तू घेऊन जा. मला वापरू देत नव्हता. सांगायचा, अरू येईल तेव्हा लागेल." मी टोप हातात घेतला. कडेभोवती त्याने जाड तार फिरवून तिच्यावर पत्र्याची पट्टी दुमडून ठोकली होती, इतक्या सफाईने की सांधा कुठे ते बोटाला कळत नव्हतं. आत सांडशी होती. मला राहवलं नाही. म्हणालो, "मावशी, तुम्हाला सांगायचंय मला काही... तो काठ..." तिने हात वर केला. आवाज चढवला नाही. म्हणाली, "त्या दिवशी मिस्सावरून मी पण त्याच्याबरोबरच आले होते ना, बाबा. तू कापत होतास ते फाटकातून बघितलंय मी." आणि मग, "नऊ वर्षं वाट बघत होते, तू कधी बोलशील. आता मला नको सांगू. ज्याला सांगायचं त्याला सांग."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तिने दर नाताळला ताट पाठवलं आणि दर नाताळला ते परत घेतलं. एवढ्या वर्षांत मला शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

टोप आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. दादाने पाहिला. उचलून त्याने काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "किती छान बसवलाय रे. बिचाऱ्याच्या मनाला लागलं असणार." मी तेव्हाही बोललो नाही. चार दिवस झाले, दर सकाळी ठरवतो आणि दर संध्याकाळी गप्प बसतो. म्हणून हे लिहून पुरवणीकडे पाठवतोय. भित्रा माणूस कागदावरच धीट होतो, हे मला कळतं. आबांना आता कमी ऐकू येतं, त्यांना मोठ्याने सांगावं लागेल, पाणंदीपलीकडे जाईल एवढ्या मोठ्याने. तेही मी करीन.

आमच्याकडे रविवारचा पेपर सात वाजता येतो. दादा ओटीवर, डावा पाय स्टुलावर ठेवून, पुरवणी आधी वाचतो. या रविवारी मी कुठे जाणार नाही. आत त्याच टोपात चहा ठेवीन, भरलेला टोप त्याच सांडशीने सांतानच्या काठाला धरून उचलीन, आणि बाहेर येऊन तुझ्यासमोर बसेन. दादा, काठ मी कापला होता. सांतान तेव्हा मिस्साला गेला होता.