आंघोळ घालून झालीय

"मावशी, आता हात लावू नका. आंघोळ घालून झालीय."

वहिनी असं बोलल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंचा, म्हणजे आजींचा, देह हॉलमध्ये फरशीवर होता. अंगावर नवं पातळ. मी वाकले होते, दोन्ही हात पुढं करून. शेजारच्या तेलुगू बायका बघत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं. तरी सगळं कळलं.

मी हात मागं घेतले. आपोआप. तेच जास्त लागलं.

आजींना सांभाळायचं काम माझं. इकडं तेलुगू मुलखात नल्लकुंट्यातला फ्लॅट, माणसं पुण्याची, दादा-वहिनी दोघंही कंपनीत. आम्ही नांदेडकडचे, बौद्ध. वहिनींनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारून घेतलेलं.

आजींना काही आठवायचं नाही. दिवस कलला की घाबरायच्या. "मला घरी न्या" म्हणून ओरडायच्या, दार ओढायच्या, मला ओरबाडायच्या. गोळ्या वाढत चालल्या. एकदा डॉक्टर घरी आले, नाडी बघून मला म्हणाले, "गोली से पहले इनकू गले लगा के बैठो अम्मा. डर उतरता, बीपी बी उतरता."

वहिनी म्हणाल्या, "आम्हाला बाई नाही जमत ते. मावशी, तुम्हीच घ्या."

मी घेतलं. आधी आजी लाकडासारख्या ताठ. मग हळूहळू श्वास खाली बसला. खांदे सैल पडले. त्यांचे हात माझ्या पाठीवर आले. म्हणाल्या, "आलीस का गं?" कोण समजल्या मला, कुणास ठाऊक. त्या संध्याकाळी पोटभर जेवल्या. मग रोज तसंच. पुढं डॉक्टरांनी झोपेची गोळी आधी अर्धी केली, मग बंदच केली.

अन् खरं सांगते, मलाही झोप लागायला लागली. माझी आई मी लहान असतानाच गेली. असं जवळ घेणारं कुणी नव्हतं. आजी पाठीवरून हात फिरवायच्या अन् मला लेकरागत वाटायचं.

आंघोळही मीच घालायची. केसांतला गुंता, नखं, मळलेले कपडे, सगळं. तेव्हा माझ्या हातानं आजी बाटल्या नाहीत. जीव गेला अन् बाटायला लागल्या.

त्या दिवशी हात मागं घेऊन भिंतीशी उभी होते. वाटलं, आज मागं सरले तर उद्या कुणी म्हणायचीही गरज नाही. मीच आपली लांब उभी राहीन. जन्मभर.

पुढं झाले. खाली बसले. आजींना कवेत घेतलं.

"अहो मावशी!" वहिनी किंचाळल्या. दादा खिडकीबाहेर बघत राहिले.

आजी गार होत्या. त्यांचे हात माझ्या पाठीवर आले नाहीत. मी वाट बघितली. वेड्यासारखी वाट बघितली.

मग उठले. म्हटलं, "आता हवं तर पुन्हा घाला आंघोळ. स्वतःच्या हातानं घाला."

रडले ते ऑटोत. मोठ्यानं. ऑटोवाल्यानं आरसा फिरवून घेतला.

पुढं वहिनींचा फोन आला. "राग सोडा मावशी. माझ्या आईला इकडं आणतेय. तुमच्यासारखी माया कोण करतं?"

"मी नाही करणार," म्हटलं अन् फोन ठेवला.

काम सोडलं नाही. पण आता नव्या घरी दारातच सांगते. तुमच्या माणसाला मी जवळ घेईन. जिवंतपणी घेईन, मेल्यावरही घेईन. मधे कुणी यायचं नाही. कबूल असेल तरच चप्पल काढते.

नारायणगुड्यात एका घरानं तोंडावर दार लावलं.

लावू दे. ही अट मी सोडणार नाही.